पिठाच्या डब्यातली हजेरी

मैंदर्गीच्या आठवडी बाजारात मंजुनाथ यायचा म्हणजे यायचाच. ऊन असो, वावटळ असो, गल्लीत मयत असो, उन्हं कलली की हा बाप्या मुठीत नोटा आवळून वेशीतून आत शिरायचा. तिशी कधीच मागं पडलेली, दाढीत एखाददुसरा पांढरा केस, तरी गाव त्याला पोरगंच म्हणायचं. दुकानाची पायरी चढण्याआधी तो बाजूला उभा राहायचा, नोटा नाकाशी धरायचा आणि डोळे मिटून वास घ्यायचा. मग सगळे साबण हुंगून शेवटी तोच तो लिंबाच्या वासाचा साबण, मग गूळ, मग आईची सुपारी आणि सगळ्यात शेवटी गाड्यावरची गरम भजी. बोलणं नाही, घासाघीस नाही. एकदा एका दुकानदारानं सुट्टे कमी दिले, तर हा दिवेलागणीपर्यंत दुकानासमोर खांबासारखा उभा राहिला. तेव्हापासून त्या भानगडीत कुणी पडलं नाही. उरलेल्या नोटा तो घरी आणून ज्वारीच्या पिठाच्या डब्यात टाकायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्याचं त्यानंच ठरवलं होतं.

त्याची आई पार्वतम्मा दारात बसून हे सगळं बघायची आणि तिचं काळीज सुपाएवढं व्हायचं. माझं पोरगं कमवून खातंय, असं ती शेजारणींना न विचारता सांगायची.

आता खोटं कशाला बोला, त्या कमाईत एक मेख होती. बाजारच्या सकाळी पार्वतम्मा त्याच डब्यातून नोटा काढायची, पदरानं पीठ झटकायची आणि मठाजवळ जाऊन पानमळेवाल्या गुरप्पाच्या हातात ठेवायची. दुपारी गुरप्पा मळ्याच्या दारात त्याच नोटा मंजुनाथला हजेरीची मजुरी म्हणून द्यायचा. संध्याकाळी त्यातल्या उरतील तेवढ्या पुन्हा डब्यात. घाण्याचा बैल फिरावा तशा त्या नोटा फिरत होत्या. बाजारात खर्च झालेल्या तेवढ्या पार्वतम्मा कडक भाकरी थापून भरून काढायची. तिच्या कागदासारख्या पातळ, तीळ लावलेल्या भाकरीला पार सोलापूरच्या दुकानांतून मागणी होती.

दुसरं करणार तरी काय होती? नवरा रेवणप्पा लवकर गेला. पोरगं शाळेत टिकलं नाही. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी ऑटिझम असा शब्द सांगितला होता. यावर औषध नाही, पण आवडीचं काम मिळालं तर माणूस त्यात रमतो, असंही म्हणाल्या होत्या. गावाला एवढा लांबचा शब्द कशाला? गाव म्हणायचं देवाचं माणूस, आणि देवाच्या माणसाला कामावर कुणी ठेवत नसतं. हॉटेलात ठेवला तर कपबश्यांच्या आवाजानं कान दाबून बसला. वीटभट्टीवर मुकादमानं शिवी दिली तर चालत घरी आला. पिठाच्या गिरणीच्या तर दारातच उभा राहायचा नाही. सरकारची पेन्शन आली तर आली, नाहीतर नाही. शेवटी पार्वतम्मानं गुरप्पाचे पाय धरले. तुमच्या मळ्यात त्याला नुसतं बसू द्या, म्हणाली, आणि बाजाराला चार पैसे त्याच्या हातावर ठेवा. ते पैसे माझे. गुरप्पा हो म्हणाला. एवढीच अट घातली, की तू मळ्यात यायचं नाही. कारण सुरुवातीला ती दिसली की मंजुनाथ उठून तिचा पदर धरायचा आणि घरची वाट चालू लागायचा.

त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली की पार्वतम्मालाही ती आता बाजारासारखीच वाटू लागली होती. फक्त कधीतरी भाकरी थापताना हात थांबायचा आणि मनात यायचं, मी गेल्यावर डब्यात नोटा कोण ठेवील? मग ती घाईघाईनं पुढचा उंडा घ्यायची.

शिवरात्र झाली, ऊन चढू लागलं आणि गुरप्पाच्या मळ्यात वेलींची उतरण निघाली. वर्षभर शेवरीच्या झाडावर चढलेली पानवेल सोडवून खाली घ्यायची, तिचं लांबलचक अंग वेटोळं करून मातीत झाकायचं, आणि कोवळा शेंडा तेवढा वर काढून लव्हाळ्यानं पुन्हा शेवरीला बांधायचा, असं ते काम. म्हातारी वेल मातीत निजते आणि तिच्याच जोरावर शेंडा वर जातो. मळ्यात बाहेरगावच्या बाया आल्या होत्या. मंजुनाथ झुंजूमुंजूला निघायचा आणि अंगाला ओल्या मातीचा वास घेऊन परत यायचा.

त्याच दिवसांत पार्वतम्मा पडली. गिरणीच्या पायरीवरून डोक्यावर पिठाची पाटी घेऊन उतरत होती, पाय सटकला, आणि उजवा हात अंगाखाली आला. लोक धावले तेव्हा ती पिठानं पांढरीफटक झाली होती, आणि हाताकडं न बघता सांडलेलं पीठ डाव्या हातानं गोळा करत होती. अक्कलकोटला नेऊन हाड बसवलं, प्लास्टर घातलं, हात गळ्यात बांधलेल्या झोळीत अडकवला. डबा त्यातच रिकामा झाला.

मग असे दिवस सुरू झाले जे पार्वतम्मानं जन्मात पाहिले नव्हते. चूल गार, परात उपडी, आणि ती भिंतीला टेकून बसलेली. गोळीनं गुंगी यायची. कौलाच्या फटीतून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडायचा आणि हळूहळू सरकत भिंतीवर चढायचा. त्यात पिठाची धूळ तरंगताना दिसायची, अजून दिसायची. घरात पीठ नव्हतं तरी. तिला वाटायचं, आपण मळ्याच्या दारात उभ्या आहोत आणि आत रेवणप्पा वेली सोडवतोय. जाग आली की शेजारीण भाजीची वाटी ठेवून गेलेली असायची आणि जाता जाता म्हणायची, आता कमावतं पोरगं हाय की सांभाळायला. त्यात टोमणा होता की माया, हे गुंगीत कळायचं नाही.

एक दिवस तिच्या गळ्यातली झोळी सुटली. प्लास्टरचा हात जड धोंड्यासारखा मांडीवर पडला. मंजुनाथ नुकताच कामावरून आला होता. तो जवळ आला, तिच्याकडं न बघता खिशातून लव्हाळ्याची ओली काडी काढली, ओठांवरून फिरवली, झोळीची दोन टोकं एकत्र घेतली आणि गाठ मारली. गुणगुणतही होता, एकाच सुरात, विहिरीवरची मोटर लांबून ऐकू यावी तसा. पार्वतम्मानं गाठ ओढून पाहिली. ती ढिली नव्हती आणि गळ्याला टोचतही नव्हती. आपल्या लेकाच्या हाताला असं काही येतं हे तिला नवीनच होतं, पण गुंगीत ते पुन्हा विसरलं गेलं.

विसरलं नाही ते एकच, बाजार जवळ आला होता.

पूर्वी एकदाच असं झालं होतं. गुरप्पा लग्नाला इंडीकडं गेला आणि बाजाराला हजेरी मिळाली नाही. मंजुनाथ मळ्याच्या दारात उभा राहिला तो राहिलाच. पार्वतम्मानं घरातून पैसे नेऊन दिले, ते घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी दारातल्या खांबावर कपाळ आपटून घेतलं, रक्त आलं, आणि पुढं कितीतरी दिवस तो मळ्याकडं फिरकला नाही. त्याला पैशाची हाव नव्हती. बाजारचा दिवस बाजारच्या दिवसासारखा व्हायला हवा होता. ती जखम पार्वतम्मा अजून झोपेतही चाचपायची. आता उद्या नोटा नाहीत म्हटल्यावर पोरगं मोडणार, मळा सुटणार, आणि पुन्हा घरात बसून भिंतीशी डोलणार, हे तिला डोळ्यांपुढं लख्ख दिसत होतं.

म्हणून बाजाराच्या आदल्या दुपारी ती उठली. गुरप्पाला सांगू, या खेपेला तुमचे द्या, हात बरा झाला की भाकरी थापून फेडीन. वाक्य तिनं वाटेभर घोकलं. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं घसरत होता आणि एका हातानं सावरता येत नव्हता. बोडक्या डोक्यानं मागायला जायची पाळी आली, याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

मळ्याच्या दारात चपला काढून ठेवायची रीत. पानवेलीला पायताण चालत नाही. तिथं बायांच्या चपला ओळीनं पडल्या होत्या. मंजुनाथची चप्पल नव्हती, कारण तो मुळात घालतच नव्हता. जगात सगळीकडं त्याला त्यापायी बोलणी बसली, आणि हीच एक जागा निघाली जिथं सगळ्यांना त्याच्यासारखं यावं लागत होतं. पार्वतम्माला हे सुचलं आणि ती क्षणभर तिथंच उभी राहिली.

आत शिरली तर ऊन संपलं. बाहेर डोकं तडकत होतं आणि इथं हिरवा अंधार, पायाखाली गार चिखल, पाटातून पाणी जातंय ते ऐकू येण्याइतकी शांतता. आवाजसुद्धा पानांत मुरून मऊ होऊन येत होते. तिला वाटलं, आपण विहिरीच्या तळाशी चालतोय आणि वर कुठंतरी जग आहे. गोळीची गुंगी होती की मळ्याची, कुणास ठाऊक. पोरगं इथं का रमलं हे तिला त्या चार पावलांत कळलं, आणि इतकी वर्षं कसं कळलं नाही याचं नवल वाटलं.

वाफ्यात वाकलेली एक थोराड बाई उठून उभी राहिली. बजाबाई तिचं नाव, उतरणीला आलेल्या बायांची म्होरकी. कोण तुम्ही, म्हणून विचारलं. मंजुनाथची आई, असं कळल्यावर तिनं मातीचा हात लुगड्याला पुसला आणि पार्वतम्माला बसायला उलटी पाटी दिली.

"त्याच्या वळीला आमी हात लावत न्हाय," बजाबाई म्हणाली. "समोरून बी जात न्हाय, त्याला खपत न्हाय त्ये. आमी बांधलेली येल वाऱ्यानं सुटती, त्याची सुटत न्हाय. मालक त्याला आमच्यापरास जास्तच देत आसंल हजेरी, न्हवं?"

पार्वतम्माची मान केव्हाच वळली होती. ती बघत होती.

पलीकडच्या ओळीत मंजुनाथ गुडघ्यावर बसला होता. लव्हाळ्याची काडी ओठांत. त्यानं शेवरीवरची वेल एकेक गाठ सोडवत खाली घेतली, झोपलेलं लेकरू खांद्यावरून उतरवावं तशी, पानाला पान घासू न देता. मातीत वेटोळं घातलं, माती लोटली, तळव्यानं दाबली. शेंडा वर घेतला, गाठ मारली. मग कपाळ शेवरीला हलकेच टेकवून थोडा वेळ तसाच राहिला आणि पुढच्या वेलीकडं सरकला. त्याच्या मागं सगळी ओळ एकसारखी उभी होती. बायांच्या ओळींत कुठं शेंडा लोंबत होता, कुठं गाठ सैल होती. एकदा त्यानं मान वळवली. आई दिसली. पार्वतम्मानं पदर मागं ओढला. आता उठेल, पदर धरेल. त्यानं तिच्या झोळीच्या गाठीकडं पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला.

आधी पार्वतम्माला गहिवरून आलं. मग राग आला, आणि तो आधी स्वतःचाच आला. पोरगं मळ्यात बसतंय, असंच ती समजून चालली होती. गावानं त्याला बिनकामाचा म्हटलं तेव्हा ती गावाशी भांडली, आणि दर बाजारी पीठ झटकून स्वतःच तेच म्हणत आली. काय करतो हो माझा मंजू, असं गुरप्पाला खोदून कधी विचारलंसुद्धा नव्हतं. तो म्हणायचा, हाय की बरा. तेवढ्यावर ती परत फिरायची.

गुरप्पा विहिरीजवळ सावलीत सून चंद्रिकाबरोबर पानं करंडीत लावत होता. तिला बघून दचकला.

"पार्वतक्का, तू कशाला आलीस? तुला बघून उठंल त्यो."

"बघितलंय त्यानं. उठला न्हाय."

गुरप्पानं सुनेकडं पाहिलं आणि आवाज उतरवून विचारलं, "उद्याचं आणलंस व्हय?"

वाटेभर घोकलेलं वाक्य पार्वतम्माच्या जिभेवर आलं आणि तिनं ते गिळलं.

"गुरप्पण्णा, बायांस्नी हजेरी किती देता?"

त्यानं आकडा सांगितला. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक झाला, कारण पुढचा प्रश्न काय येणार हे त्याला कळलं होतं.

"आन् माझ्या मंजूला?"

गुरप्पा वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर तिथंच चिडला असता. तो पानं उलटी सुलटी करत बसला. मग म्हणाला, की तूच आणून देत होतीस, मी कशाला नको म्हणू? सुरुवातीला पोरानं निम्मा वाफा ओरबाडला होता तो कुणी सोसला? गावातल्या एकानं तरी त्याला दारात उभं केलं का? पार्वतम्मा म्हणाली, तुम्हीच केलं, ते विसरले तर माझी जीभ झडो. त्यानं पुढं सांगितलं, तो पानं खुडत नाही, फवारणीचा पंप सुरू झाला की काम टाकून निघून जातो, दलाल आला की झाडामागं लपतो. तिनं सगळं कबूल केलं. ती आई होती. त्याची खोट तिला गुरप्पापेक्षा जास्त पाठ होती. पंपाच्या दिवशी त्याला बोलावू नका, खुडायला लावू नका, म्हणाली. पण वेल बांधील त्या दिवसाची हजेरी बायांइतकी, आणि ती बाजाराला त्याच्याच हातात.

चंद्रिकाला हा व्यवहार आजच कळत होता. ती करंडीवर ओलं फडकं झाकत वर न बघता म्हणाली, "मामा, उतरण अर्धी राहिलीय. त्यो न्हाय आला तर कोण बांधणार?"

पार्वतम्माला बोलायला पुष्कळ होतं. इतक्या वर्षांचा हिशेब तिच्या घशापर्यंत आला होता. पण कडक भाकरी थापणाऱ्या बाईला कळतं, कुठवर दाबायचं आणि कुठं हात आवरायचा. नाहीतर भाकरी काठाला फाटते.

"मागचं तुमच्याकडं राहू द्या," ती म्हणाली. "त्याला ठेवून घेतलंत, त्यात फिटलं. पण आता माझं वय झालं, अण्णा. मी गेल्यावर डब्यात नोटा ठेवायला कोण हाय? तवा बी त्याला हजेरी मिळाय पायजे. त्याची म्हणून."

गुरप्पानं लांब ओळीकडं पाहिलं. गुणगुणणं तिथून ऐकू येत होतं.

"मळा हाय तवर मिळंल," तो म्हणाला. "तू असलीस तर बी, नसलीस तर बी. या बसवण्णाच्या साक्षीनं सांगतो." आणि विहिरीच्या कठड्यावरच्या दगडी नंदीला त्यानं हात लावला.

रात्रभर पार्वतम्माला झोप नाही. वचन मिळालं, पण नोटा वेगळ्या. पोराला जराही बदल सोसत नाही. ताटली बदलली तरी जेवत नाही. त्यानं घेतल्याच नाहीत तर? पुन्हा खांब, पुन्हा रक्त.

बाजारच्या दुपारी ती मळ्याबाहेरच्या कडुलिंबाखाली येऊन बसली. बाया एकेक करून हजेरी घेऊन निघाल्या. मंजुनाथ शेवटी आला. गुरप्पानं खिशातून नोटा काढून त्याच्या हातावर ठेवल्या, नेहमीपेक्षा जास्त. मंजुनाथनं त्या नाकाशी धरल्या आणि डोळे मिटले.

उघडले. पुन्हा हुंगल्या. एकेक नोट वेगळी करून हुंगली. गुरप्पा अवघडून उभा. पार्वतम्मा कशीबशी उठली, डावा हात पुढं करून, कपाळ खांबावर जाण्याआधी मधे घालायला.

तो तिच्यापाशी आला.

"अव्वा, पीठ न्हाय."

"कसलं पीठ, मंजा?"

"वास न्हाय. पिठाचा."

पार्वतम्माचा पुढं केलेला हात खाली आला. म्हणजे याला ठाऊक होतं. दर बाजारी वास घेऊन यानं ओळखलं होतं, की ही कमाई आपल्या आईच्या डब्यातली आहे. म्हणून उरलेल्या नोटा न सांगता त्याच डब्यात परत ठेवत होता, ज्याच्या त्याला. तिचा खेळ मोडू नये म्हणून खेळत होता, की बाजार बाजारासारखा राहावा म्हणून, ते देव जाणे. आणि ती दारात बसून शेजारणींना सांगत होती, माझं पोरगं कमवून खातंय.

"मग कशाचा वास येतोय?" तिनं विचारलं.

त्यानं पुन्हा एकदा सावकाश हुंगलं.

"पानाचा. घामाचा." थोडा वेळ तो नोटांकडं बघत राहिला. "माझं."

आणि इतकी वर्षं तो नोटा मुठीतून न्यायचा, आज त्यानं त्या घडी घालून स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात ठेवल्या, वरून तळव्यानं दाबल्या, वेलीवरची माती दाबावी तशा, आणि बाजाराच्या वाटेला लागला. आईसाठी थांबला नाही. बाजाराला तो कधीच कुणासाठी थांबत नसे.

पार्वतम्मा लिंबाच्या बुंध्याला धरून रडत उभी राहिली. पदर खांद्यावर पडला होता आणि तो सावरायचं तिला सुचलं नाही. मागं राहिलेली बजाबाई जवळ आली, तिनं तो उचलून तिच्या डोक्यावर घेतला आणि विचारलं, बाई, का रडताय?

"काय न्हाय," पार्वतम्मा म्हणाली. "हात दुखतोय."